पेरलेला नग

सगळा कारखाना तिला चेकरबाई म्हणायचा आणि तिलाही ते आवडायचं. कारखाना दिव्यांची बटणं बनवणारा. पट्ट्यावरून बटणं येत राहायची, ही एकेक उचलून खटखट दाबून बघायची, आणि जरा अडकलं, जरा ढिलं वाटलं की ते बटण डाव्या हाताच्या लाल पेटीत. सुपरवायझर मोठा वस्ताद माणूस. चेकर जाग्या आहेत की बसल्या जागी पेंगतायत हे बघायला तो चांगल्या मालात मुद्दाम एखादं बिघडलेलं बटण सोडून द्यायचा. त्याला कारखान्यात ‘पेरलेला नग’ म्हणायचे. पकडला तर ठीक, निसटला तर त्या चेकरची काही धडगत नाही. चेकरबाईच्या हातून आजवर एकही पेरलेला नग निसटला नव्हता. या एका गोष्टीचा तिला भारी तोरा होता, आणि पुढचा सगळा घोळ झाला तो त्या तोऱ्यापायीच.

झालं असं, की सकाळची पाळी बंद झाली आणि सगळ्या चेकर संध्याकाळच्या पाळीत गेल्या. उन्हं कलताना जायचं आणि जेवणवेळ टळून गेल्यावर परत यायचं. मग घरी कोण? नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत. आज या नदीवर, उद्या त्या. महिनोन्‌महिने घराचं तोंड बघत नाही. सासूबाई तिकडे सासऱ्यांच्या आजारपणात अडकलेल्या. आणि घरात भिंगरी. नुकती शाळेत जायला लागलेली पोर, एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून बापानेच ठेवलेलं नाव.

सुपरवायझर म्हणाला, “बाई, तुमची अडचण मला दिसते. पण संध्याकाळी दांड्या पडायला लागल्या तर मला दुसरी चेकर बघावी लागेल. आधीच सांगून ठेवतो.”

चेकरबाईने नवऱ्याला फोन लावला.

“तुला योग्य वाटेल ते कर,” तो म्हणाला.

“मला काय योग्य ते कळत असतं तर तुला फोन कशाला केला असता?”

“तसं नाही गं. मी इथून काय सांगणार?”

“मग नको सांगूस. पूल बांध तू.” तिने फोन ठेवला.

मग बहिणीला लावला. ताई काही कमी नव्हती. तिने आधी ऐकीव गोष्टी सांगितल्या. अमक्याच्या घरी सांभाळणारीने पोराला झोपेचं औषध पाजलं, तमक्याच्या घरी पोराला कोंडून बाई बाजारात गेली. आणि हे सगळं सांगून झाल्यावर म्हणते कशी, “पण तू नको काळजी करूस हं.”

“ताई, एक जरी दांडी झाली ना, तरी नोकरी गेली म्हणून समज,” चेकरबाई म्हणाली. भिंगरी तेव्हा पलंगाखाली आगगाडी आगगाडी खेळत होती. मोठ्यांना वाटतं, पलंगाखालच्या पोरांना कान नसतात.

आता माणूस पारखायचं कसं? बटण दाबून कळतं, माणूस कुठे दाबायचं? चेकरबाईला एकच पद्धत ठाऊक होती. तिने ठरवलं, जी कुणी येईल तिच्यापुढे नग पेरायचा.

पहिली आली ती कॉलेजात जाणारी एक पोरगी. गोड बोलायची, हसायची, भिंगरीला पाहिल्याबरोबर तिचे गालगुच्चे घेतले. चेकरबाईने टेबलाच्या अगदी कडेला कात्री ठेवून दिली. धार पार गेलेली, साधा कागदसुद्धा कापत नसे, पण दिसायला कात्रीच. परत आली तर कात्री जिथल्या तिथे आणि पोरगी फोनमध्ये मान घालून बसलेली. भिंगरीने मधल्या वेळात स्वतःच्या दोन्ही पायांवर पेनाने मोजे काढले होते. पोरगी बाद.

दुसऱ्या आल्या त्या शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई. त्यांना कात्री दारातूनच दिसली. कात्रीच काय, पंख्यावरची धूळ, दाराची ढिली कडी, फडताळात उलटी ठेवलेली बाटली, सगळंच दिसलं, आणि चेकरबाई परत आल्यावर पायातल्या चपला काढायच्या आत त्यांनी सगळ्याचा पाढा वाचला. भिंगरी कोपऱ्यात ओठांवर बोट ठेवून बसली होती. आईला पाहूनही तिने बोट काढलं नाही, आधी हेडबाईंकडे बघितलं. हेडबाई परीक्षेत पहिल्या नंबराने पास आणि तरीही बाद! असं कसं? तिचं तिलाच कोडं पडलं. कारखान्यात असं कधी होत नसे. बटण एक तर लागतं, नाही तर लागत नाही.

तिसरी म्हणजे तळमजल्यावरची शिवणवाली. वयाने चेकरबाईपेक्षा बरीच मोठी, नवरा वारलेला, मुलगा दूरगावी. दिवसभर घरी मशीन चालवायची, लोकांचे फ्रॉक, परकर, पडदे शिवायची. केसांत दोऱ्याची तुसं, ब्लाउजला टोचलेल्या टाचण्या, आणि हसली की जिना हादरायचा. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. चेकरबाई जिन्यात कुणाशी तरी रडगाणं गात होती, ते हिने खालून ऐकलं आणि वर बघून ओरडली, “अहो भिंगरीची आई, संध्याकाळी मी हातशिलाईच करत बसलेली असते. इथे केली काय नि तुमच्याकडे केली काय. येऊ का?”

नाही म्हणायला काही सुचेना, म्हणून चेकरबाई हो म्हणाली. पण टाचण्या बघून तिचा जीव खालीवर झाला, तो वेगळाच.

पहिल्या दिवशी नेहमीची कात्री टेबलाच्या कडेला. परत आली तर कात्री नाही! चेकरबाई खूश झाली. चला, उचलून ठेवली म्हणायची. मग शोधायला लागली, तर कुठेच नाही. फडताळात नाही, माळ्यावर नाही. एका कात्रीपायी सगळं घर पालथं घातलं बाईने. दुसऱ्या दिवशी शिवणवाली आली ती कात्री हातात घेऊन.

“हे घ्या. काय हो ही अवस्था! लोणी कापेल की नाही याची शंका. धार लावून आणली.”

चेकरबाईने बोट फिरवून बघितलं. असली लखलखीत धार, की बोट जरा दाबलं असतं तर रक्तच. आता ही पास की नापास? पोरीसमोरची कात्री उचलली म्हणून पास. पोर असलेल्या घरात धार लावून परत आणली म्हणून नापास. ती दारात कात्री घेऊन उभीच राहिली, आणि शिवणवाली आत जाऊन भिंगरीबरोबर पलंगाखाली डोकावूनसुद्धा आली.

मग चेकरबाईने आणखी नग पेरले. जाताना दाराच्या फटीत कागदाचा कपटा अडकवला. दार उघडून कुणी बाहेर गेलं तर कपटा पडेल. परत आली तर कपटा जमिनीवर. विचारलं, तर शिवणवाली म्हणाली, “छे, आम्ही कुठे जातोय?” भिंगरी म्हणाली, “कुठ्ठेच नाही.” मग कपटा पाडला कुणी? वाऱ्याने? खिडक्या तर बंद. की दार नीट लागत नव्हतं? हेडबाई कडी ढिली म्हणाल्या होत्या खऱ्या. चेकरबाईला काही उलगडा होईना.

शेवटी तिने मोठा नग पेरला, आणि तो पेरला भिंगरीकरवी.

“हे बघ,” तिने पोरीला मांडीवर घेऊन समजावलं, “हा आपला दोघींचा खेळ. आज शिवणवाल्या मावशीला म्हणायचं, पोट दुखतंय. खरं नाही हं, खोटं खोटं. मग मावशी काय करते ते नीट बघायचं आणि मला सांगायचं. मावशीला यातलं काही कळू द्यायचं नाही.”

“म्हणजे पेरायचं?” भिंगरी म्हणाली. कारखान्यातल्या सगळ्या गोष्टी तिला पाठ होत्या.

“अगदी बरोबर. पेरायचं.”

दुसऱ्या सकाळी दात घासताना चौकशी झाली. “मग? काय केलं मावशीने?”

“शिवण बाजूला ठेवली. मला मांडीवर घेतलं. पोटावरून हात फिरवला. कोमट पाणी दिलं. मग कपाळाला हात लावून बघितला.”

“ओरडली नाही?”

“नाही.”

“फोन बघत बसली नाही?”

“नाही गं आई.”

पास! चेकरबाईला हायसं वाटलं. पण एकदा पकडला म्हणजे दर वेळी पकडेल असं थोडंच आहे? सुपरवायझरही एकदाच पेरून थांबत नसे. म्हणून अधूनमधून पोट दुखत राहिलं. आणि दर वेळी तेच. मांडी, हात, कोमट पाणी, कपाळ. एकदाही चूक नाही, एकदाही कंटाळा नाही. आता बघा, माणसाला समाधान वाटायला नको? पण चेकरबाईच्या मनात किडा वळवळायला लागला. इतका चोख माल तिने कधी बघितला नव्हता. शंभर बटणं सलग चांगली आली की चेकरला वाटतं, आपलंच बोट बधिर झालंय.

त्यात आणखी एक गोष्ट. या दोघींचं काहीतरी गुपित होतं. चेकरबाई दारात आली की दोघी एकमेकींकडे बघून गप्प व्हायच्या. भिंगरी तोंडावर हात ठेवून खुदकन हसायची. एकदा तर तिने स्पष्ट ऐकलं, शिवणवाली म्हणत होती, “आईला नाही सांगायचं, ठरलंय ना?” आईला नाही सांगायचं? काय नाही सांगायचं? ताईने सांगितलेल्या सगळ्या गोष्टी तिच्या डोक्यात थैमान घालायला लागल्या. पोरीला खोदून खोदून विचारलं, तर ती मान हलवून म्हणाली, “काहीच नाही.” आणि जन्मात पहिल्यांदा चेकरबाईला कळेना, की आपलीच पोर खरं बोलतेय की खोटं.

पोर तर टवटवीत दिसत होती. जेवत होती. शिवणवालीची वाट बघत होती. मग बाईला काढून टाकायचं तरी काय म्हणून? आणि ठेवायची तर कुठल्या भरवशावर? काढली तर उद्या कोण? रोज पट्ट्यापाशी बसून ती हाच हिशेब घालायची आणि रोज उत्तर वेगळं यायचं. हात आपले खटखट चालूच.

अशात एका संध्याकाळी कारखान्यातली वीज गेली. बटणांच्या कारखान्यातली वीज! बायका खोखो हसल्या. तास गेला तरी वीज येईना, तेव्हा सुपरवायझरने सगळ्यांना घरी सोडलं. चेकरबाईने मनाशी म्हटलं, बरं झालं. न सांगता जाऊ आणि काय ते बघूच.

बाहेर अजून उजेड होता. ती जिना चढून आली, तर दाराला कुलूप.

तिने आपल्या किल्लीने दार उघडलं. घरात कुणी नाही. पलंगावर अर्धवट शिवलेला फ्रॉक, त्यात तशीच टोचलेली सुई. दिवा जळतोय. कोमट पाण्याचा पेला भरलेला, घोटही न घेतलेला. आणि दाराशी भिंगरीची एकच चप्पल. एकच! तिने शिवणवालीला फोन लावला, तर फोन तिथेच फ्रॉकखाली वाजायला लागला.

ती धडाधडा जिना उतरली. खालचा लॉन्ड्रीवाला म्हणाला, “मघाशीच गेल्या की. पोरीला खांद्यावर टाकून, चालत. त्या तिकडे, डाव्या अंगाला.” ती डाव्या अंगाला धावली. कोपऱ्यावर शेजारच्या काकू भाजी घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, मी त्यांना टॅक्सीत बसताना पाहिलं. उजवीकडे गेली टॅक्सी.” चालत की टॅक्सीत? डावीकडे की उजवीकडे? तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने कट केला. अशा वेळी कुणाशी बोलणार? पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिला रस्ता दिसेना. एकच चप्पल तेवढी डोळ्यांसमोर नाचत होती. आणि ‘आईला नाही सांगायचं.’ मेले मी, ती स्वतःशीच म्हणाली, माझ्या हाताने दिली मी पोर.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा काकूंनीच तो तिच्या हातातून काढून कानाला लावला. ऐकलं आणि म्हणाल्या, “दवाखान्यातून आहे.”

बाजारामागच्या दवाखान्यात भिंगरी एका अरुंद खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. चेहरा पांढराफटक. उशाशी शिवणवाली, केसांत तशीच दोऱ्याची तुसं, हातात पोरीचा हात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अपेंडिक्स असावं. मोठ्या रुग्णालयात हलवतोय, गाडी येतेच आहे. ऑपरेशन लागेल, पण घाबरू नका. वेळेवर आणलंय. अंगावर काढलं असतं तर अवघड होतं.”

चेकरबाई बोलली ते भलतंच. “फोन का नाही नेलात?”

“राहिला गं,” शिवणवाली म्हणाली. एरवी अहो-जाहो करणारी बाई आज सरळ अगं-तुगंवर आली होती. “कोपऱ्यावरचा डॉक्टर बंद होता. मग टॅक्सी केली. इथूनच फोन लावत होते तुला, नंबर हिला पाठ, पण तू उचलेनास.”

“पण… तुम्हाला कसं कळलं, की आज खरं दुखतंय?”

म्हणता म्हणता तिने जीभ चावली. पण शिवणवाली हसली. नेहमीसारखी जिना हादरवणारी नाही, अगदी बारीक.

“ते पेरलेलं ना? मला पहिल्याच दिवशी सांगितलं हिने. म्हणाली, मावशी, मी आता पोट दुखतंय म्हणणार आहे, ते खोटं आहे, पण तुला माहीत आहे हे आईला नाही सांगायचं. आईचा खेळ मोडेल.”

“पहिल्या दिवशी?” चेकरबाईने विचारलं. म्हणजे सगळे नग… एकूण एक… “मग तुम्ही दर वेळी ते पाणी, मांडी… सगळं कशासाठी करायचात?”

“अगं, सकाळी तू हिला विचारणार. मी केलं नसतं तर बिचारीला तुझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं. आणि पोरीला मांडीवर घ्यायला कारण कशाला लागतं?”

“आणि आज? आज हिने सांगितलं का, की खरं आहे म्हणून?”

शिवणवाली हळूच म्हणाली, “नाही. आजही म्हणाली, मावशी, हे पेरलेलंच आहे, तू शिवत बस. दात आवळून म्हणत होती. घाम फुटला होता पोरीला. म्हणाली, खरं असलं तर आईला यावं लागेल, आणि एक जरी दांडी झाली तर आईची नोकरी जाते.”

पलंगाखालची आगगाडी चेकरबाईला आता आठवली.

“मग मला काय कळणार खरं की खोटं,” शिवणवाली म्हणाली. “मी म्हटलं, चल. खोटं निघालं तर फिरून येऊ.”

चेकरबाई वाकली आणि पोरीच्या कपाळाला कपाळ लावलं. पोरीला ज्या दिवशी सगळ्यात जास्त दुखलं, त्याच दिवशी तिने ते आपल्यासाठी लपवलं, आणि लपवायला ‘पेरलेलं’ हा शब्द दिला तो आपणच. तिला हुंदका आवरेना. आयुष्यात कधी रडली नव्हती अशी ती रडली, नाक, डोळे, पदर, सगळं एक करून.

भिंगरीने डोळे उघडले. आईकडे बराच वेळ बारकाईने बघितलं, आई पट्ट्यावरच्या बटणाकडे बघत असणार तसं.

“आई,” तिने बारीक आवाजात विचारलं, “हे खरं रडू आहे, की पेरलेलं?”

“खरं आहे गं माझ्या राणी. अगदी खरं.”

भिंगरीने ऐकून घेतलं, पण हात पुढे केला नाही. तिने मान वळवून शिवणवालीकडे बघितलं.

“खरं आहे,” शिवणवाली म्हणाली.

तेव्हा कुठे भिंगरीने आईच्या गळ्यात हात टाकले.